सायमाचं लपण

सायमा कांगसच्या शिकारीच्या लपणात शिंकायला मनाई होती. शिंक आलीच तर वरच्या ओठावर बोट दाबायचं, डोळ्यांतून पाणी येऊ द्यायचं आणि शिंक गिळायची. ज्याला खोकला झालाय त्याने घरी बसावं. नायलॉनचं जाकीट घालून कुणी आलं तर ती त्याला दारातूनच परत पाठवी, कारण नायलॉन जरा हात हलवला की कुरकुरतं आणि ती कुरकुर हरणाला दलदलीच्या पार त्या टोकाला ऐकू जाते. कपडे लोकरीचेच हवेत, आणि तेही आधी गोठ्यामागे बाल्समच्या वासाच्या झाडाच्या फांद्यांत टांगून ठेवलेले. हंगामाच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी सॉनात, गरम वाफेच्या खोलीत, बसून घाम काढायचा, पण अंगाला साबण लावायचा नाही. कांदा खायचा नाही. जावई डेल एकदा म्हणाला होता, "आई, आपण शिकारीला चाललोय की चर्चमध्ये?" सायमा म्हणाली, "चर्चमध्ये तू घोरतोस ते चालतं."

लपण तिच्या नवऱ्याने, रैनोने, बांधलेलं. सीडरच्या दलदलीच्या काठाला, जमिनीवरच, जुन्या गवतखान्याच्या फळ्यांचं. आत दोन माणसं बसतील एवढी जागा आणि एक लांबट खिडकी. बिजागऱ्यांना डुकराची चरबी लावलेली, खाली घोड्यावरची जुनी घोंगडी अंथरलेली, म्हणजे बुटाचा आवाज येत नाही. खिडकीला वरून गोणपाट सोडलेलं. सायमा खिडकीला नाक लावून कधी बसत नसे. ती मागे, अंधारात बसे. खिडकीशी चेहरा आला की हरणाला तो चंद्रासारखा दिसतो, असं ती नव्या माणसाला सांगे, आणि तुझा तर जरा जास्तच दिसेल, असंही वर सांगे.

एवढं सगळं करून मागचे दोन हंगाम तिला हरणाचा एक केस मिळाला नव्हता. हा तिसरा हंगाम, आणि आज त्याचा शेवटचा दिवस.

कांगसांच्या घरात एक रीत होती आणि ती घालून दिली होती सायमानेच. खिडकीची जागा कुणाची, तर तिथून ज्याने शेवटचं हरीण मारलं त्याची. सलग तीन हंगाम तो रिकाम्या हाताने आला की त्याने उठायचं आणि पुढच्याने बसायचं. रैनो गेल्यावर त्याचा धाकटा भाऊ आर्वो तिथे बसू लागला. त्याचे तीन हंगाम कोरडे गेले तेव्हा सायमाने त्याची बसायची उशी उचलून बाहेर बर्फात ठेवली. रीत म्हणजे रीत, एवढंच म्हणाली. आर्वोने उशी झटकली, काखेत मारली आणि गेला, आणि जागा सायमाची झाली. त्या माणसाला राग येतो की नाही हे आजवर कुणाला कळलेलं नाही.

आता सायमा उठली तर पुढचा नंबर डेलचा. डेल मिलवॉकी शहरातला, माणूस वाईट नाही, पण गप्प बसणं त्याला आजारासारखं वाटतं. परवा थँक्सगिव्हिंगचं टर्कीचं जेवण झाल्यावर तो मोजपट्टी घेऊन लपणाकडे जाऊन आला होता. खिडकीला काच बसवणार, गॅसची शेगडी ठेवणार, आरामखुर्ची मावते का ते बघून आलाय, असं मुलीने, रायलीने, भांडी पुसता पुसता सांगितलं. मॅच ऐकायला रेडिओही नेणार होता. सायमाच्या हातातली बशी हातातच राहिली. आरामखुर्ची. रैनोच्या लपणात.

म्हणून आज हरीण हवं होतं. मांसासाठी नाही, मांस काय, शेजारीही देतात. लपण लपण राहावं म्हणून हवं होतं.

आणि नेमका याच वर्षी तिच्या उरावर आर्वो बसवलेला. मागच्या थंडीत ती पायरीवरून घसरली होती, तेव्हापासून गुडघा धड नाही. "एकटीने जंगलात जायचं नाही," रायली म्हणाली. "काका येतील बरोबर." रायलीने कानात घालायचं यंत्रही आणून दिलं होतं. ते सायमाने दोन दिवस घातलं आणि साखरेच्या डब्यात टाकलं. "ते शिटी मारतं," ती म्हणाली. "हरणं काय, माझी मीच पळून जाईन."

त्या दिवशी उजाडता उजाडता दोघं आत जाऊन बसली. आर्वो कोपऱ्यात लाकडाच्या ओंडक्यावर. सायमा खिडकीमागे, तिच्या तीन पायांच्या ठेंगण्या स्टुलावर. बंदूक एकच, तिची. आर्वोचं काम हरीण ओढायचं आणि तिला सावरायचं. बर्फ ताजा होता, वारा तोंडावर येत होता, याहून चांगली सकाळ मागूनही मिळाली नसती.

सूर्य झाडांच्या वर आला तेव्हा सीडरच्या बुंध्यांतून दोन माद्या निघाल्या. मागे एक वर्षाचं पोर. पुढची मादी चार पावलं टाकी, थांबे, बर्फ हुंगे. सायमा दगड झाली. पापणीसुद्धा तिने जपून हलवली. मादी टप्प्यात यायला दहा-पंधरा पावलं उरली असतील. आणि तिने मान वर केली. कान पुढे. थेट खिडकीकडे. मग पुढचा पाय उचलून तिने जमिनीवर आपटला, एकदा, परत एकदा, नाकातून फर्रकन हवा सोडली, आणि तीन पांढऱ्या शेपट्या झेंड्यासारख्या उभ्या राहून झाडीत गेल्या.

सायमाने मान वळवून आर्वोकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर जागीच वितळला असता. आर्वो तिच्याकडेच बघत होता. त्याचे ओठ काहीतरी सांगायला हलले.

"गप्प बस," ती दातांतून म्हणाली.

आठवडाभर हेच चाललेलं. हरीण येई, थांबे, मान वर करी आणि जाई. पहिल्या दिवशी तिने वाऱ्याला दोष दिला. दुसऱ्या दिवशी आर्वोच्या बुटांना. तिसऱ्या दिवशी तिने त्याचा वास घेतला, अगदी जवळ जाऊन, मानेपासून बुटापर्यंत, आणि त्याला परत सॉनात पाठवलं. काल तिने त्याच्या नाकावर शंका घेतली होती. नाकाचं हाड वाकडं आहे, लहानपणी घोडागाडीतून पडलेला, श्वास घेताना शीळ वाजत असणार. रात्रभर तिच्या डोक्यात तेच. आणि सकाळपर्यंत तिला दुसरंच दिसायला लागलं होतं. उशी. बर्फात ठेवलेली उशी. हा मुद्दाम करतोय.

दुपारी दोघं गाडीपाशी आली. आर्वोने थर्मासमधून कॉफी ओतली, वेलदोड्याच्या गोड पावाचा तुकडा तिच्यापुढे धरला. तिने घेतला नाही.

"किती वर्षं मनात धरून बसला होतास?" ती म्हणाली.

"काय?"

"मोठ्याने बोल, इथे हरणं नाहीत. जिथे आहेत तिथे तर चांगला आवाज निघतो तुझा."

आर्वोने पाव स्वतःच खाल्ला. हा माणूस घास संपल्याशिवाय उत्तर देत नाही, रैनो होता तेव्हापासूनची खोड. सायमाला वाटलं त्याच्या गालावर एक ठेवून द्यावी.

"मी तुझी उशी बाहेर काढली म्हणून तू माझी हरणं पळवतोस," ती म्हणाली. "समोर उभा राहून सांग ना, वहिनी, मला राग आहे. माणसासारखा सांग. हे काय, कोपऱ्यात बसून नाक वाजवायचं. डेल बसेल तिथे, आरामखुर्चीत. बरं वाटेल तुला?"

"नाक नाही माझं वाजत."

"मग काय वाजतं? गुडघे?"

"तुम्ही वाजता, वहिनी."

सायमाला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. तिने त्याला परत बोलायला लावलं.

"तुम्ही गुणगुणता," आर्वो मोठ्याने म्हणाला, आणि मोठ्याने बोलायची सवय नसल्यामुळे त्याचाच चेहरा लाल झाला. "बसलात की थोड्या वेळाने सुरू होतं. तोंड मिटूनच. हं हं हं, खालच्या सुरात. हरीण दिसलं की आणखी वाढतं."

"मी?"

"तुम्ही."

"आठ दिवस मी गुणगुणतेय आणि तू ऐकत बसलायस."

"सांगितलं ना. पहिल्याच दिवशी दोनदा सांगितलं कानाशी. तुम्ही म्हणालात, गप्प बस."

"घरी सांगायचं."

"घरी मला कोण बोलू देतं."

हे खरं होतं, म्हणून सायमा जास्तच भडकली. तिने त्याला खोटारडा म्हटलं. कांगसांच्या सात पिढ्यांत असा लबाड माणूस झाला नाही म्हणाली. लपणात चूप कसं बसायचं हे त्याला कुणी शिकवलं, रैनोला कुणी शिकवलं, या जंगलाच्या अलीकडच्या अंगाला जो कुणी धड शिकार करतो त्याला कुणी शिकवलं, असं विचारलं, आणि त्याची उत्तरंही स्वतःच दिली. आर्वोने तेवढ्या वेळात दुसरा कप कॉफी पिऊन घेतली.

"झालं?" तो म्हणाला. "मग चला. उजेड जाईल."

दोघं परत आत बसली. सायमा रागाने एवढी ताठ बसली होती की तिची पाठ दुखायला लागली. आता ऐकून दाखव म्हणावं माझं गुणगुणणं. तोंड घट्ट मिटलेलं, दातावर दात. बाहेर काही हलत नव्हतं. एक खार बुंध्यावरून खाली आली, वर गेली. बर्फाचा एक गोळा फांदीवरून सुटला. सायमाचा राग हळूहळू निवला आणि तिचं लक्ष बाहेर लागलं, दलदलीत, जिथे अंधार आणि बुंधे एक होतात तिथे. किती वेळ गेला तिला कळलं नाही.

तेवढ्यात आर्वोने तिचा डावा हात धरला. तिने ओढून घ्यायचा प्रयत्न केला, पण म्हाताऱ्याच्या बोटांत अजून जोर होता. त्याने तिचा हातमोजा काढला, तिच्या गळ्याभोवतीची लोकरी पट्टी बाजूला केली आणि तिचाच हात तिच्या गळ्यावर ठेवला.

गळा थरथरत होता. म्हातारं मांजर मांडीवर घेतलं की जसं हाताला लागतं, तसं, आतून, एकसारखं. तिला आवाज येत नव्हता. काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. पण हाताखाली तो चालला होता, वर जात होता, खाली येत होता, आणि तिला तो बोटांनीच ओळखू आला.

तिचं बखोट कुणीतरी धरून तिला गोठ्यात उभं केल्यासारखं झालं. हा दूध काढायचा सूर होता. गायीच्या पोटाला कपाळ टेकवून, दोन्ही हातांनी धार काढताना, ती चाळीस वर्षं हेच गुणगुणत आली. पहिलटकरणी बिचकायच्या, दूध चढवून घ्यायच्या, त्यांना हा सूर ऐकवला की पान्हा सोडायच्या. गायी विकल्या त्याला आता तीन वर्षं होतील. गोठ्यातून तिने काहीच उचललं नव्हतं, चरव्या नाहीत, दावी नाहीत. फक्त दूध काढायचं स्टूल उचलून इथे आणलं, कारण ते करकरत नव्हतं.

तिने खाली स्टुलाकडे पाहिलं. मग आर्वोकडे. आर्वोने बघायचं नाही म्हणून खिडकीबाहेर बघितलं.

आता उजेड थोडाच उरला होता. सायमाने आर्वोला उठवलं, त्याच्या ओंडक्यावर स्वतः बसली आणि गळ्यावर हात ठेवून पाहिलं. थोडा वेळ शांत. मग मन दलदलीत गेलं आणि गळा पुन्हा सुरू झाला. ती परत स्टुलावर आली. गुडघ्यांवर बसून पाहिलं, तर गुडघ्याने तिला अशी कळ दिली की गुणगुणण्यापेक्षा मोठा आवाज निघता निघता राहिला. लक्ष गळ्यावर ठेवलं की हरणाकडे जात नव्हतं, आणि हरणाकडे गेलं की गळा मोकाट सुटत होता. कान असते तर ऐकून थांबवलं असतं. कान साखरेच्या डब्यात. स्वतःच्या बुद्धीला तिने ज्या शिव्या दिल्या त्या मनातच दिल्या, पण गळ्यावरच्या हाताला त्याही लागल्या असतील.

शेवटी ती डाव्या हाताची दोन बोटं गळ्यावर दाबूनच बसली. थरथर लागली की थांबवायची. लागली की थांबवायची. गोठ्यातलं खोडकर वासरू दाव्याने धरून बसावं तसं.

सूर्य झाडांमागे गेल्यावर नर आला.

तो आला हे आधी आर्वोला दिसलं. त्याने बोटाने तिचा गुडघा दाबला. सीडरच्या खालच्या फांद्यांत आडवी पाठ दिसत होती, जाड मान, आणि फांद्यांतच दुसऱ्या फांद्या वाटाव्यात अशी शिंगं. तो घाईत नव्हता. तोंड वर करून पाला ओरबाडत होता. अजून चार पावलं पुढे आला असता तर मोकळ्यात आला असता.

सायमाने गळ्यावरचा हात काढला आणि बंदुकीला घातला. रैनोची बंदूक जड, खिडकीच्या फळीवर टेकवली तरी खांद्याशी धरायला दोन्ही हात लागतात. नराने चघळणं थांबवलं. एक कान तिच्या बाजूला वळला. तिने हात परत गळ्याला लावला. गळा गात होता.

तिने श्वास कोंडला. श्वासच नाही तर सूर कुठून निघेल. हात बंदुकीवर, गाल लाकडावर. नर चघळू लागला. चघळ बाबा. चल. एक पाऊल टाक. त्याने पाऊल टाकलं नाही, दुसरी फांदी खाली ओढली. सायमाच्या छातीत घण पडायला लागले, डोळ्यांपुढे काळे ठिपके आले, बंदुकीचं टोक त्या ठिपक्यांत बुडालं, आणि तिला श्वास सोडावा लागला. सोडताना त्याबरोबर काय सुटलं ते तिला ऐकू आलं नाही, पण नराचं डोकं वर झालेलं तिने पाहिलं. दोन्ही कान खिडकीवर.

एक बार टाकता आला असता, फांद्यांतून. लागला तर जागा तिची. जखमी होऊन दलदलीत गेला तर तिथे त्याला रात्रभर मरत ठेवायचं. नाहीतर वाट बघायची, आणि गळ्याने त्याला हाकलून लावायचं, आणि उद्या डेलने खुर्ची आणायची.

तिने बंदूक आर्वोकडे सरकवली.

आर्वोला पहिल्यांदा कळलंच नाही. त्याने मान हलवून नको म्हटलं. तिने बंदुकीचा दस्ता त्याच्या पोटात असा खुपसला की त्याला घ्यावीच लागली. मग तिने दोन्ही हातांनी स्वतःचा गळा धरला, कोंबडीचा धरावा तसा, आणि मागच्या फळीला पाठ लावून बसली.

नर उभा होता. आर्वो घास संपेपर्यंत उत्तर देत नाही तसाच बंदुकीलाही घाई करत नव्हता. सायमाला नर दिसत नव्हता, आर्वोची पाठ दिसत होती, आणि ती पाठ हलत नव्हती. तिच्या हाताखाली गळा मेल्यासारखा गप्प होता. दूर कुठेतरी एक फांदी हलून सावरली असावी. आर्वोचा खांदा किंचित खाली बसला.

बार तिला चांगला ऐकू आला.

नर मोकळ्यात येऊन, चार उड्या मारून पडला होता. सायमा काठी टेकत तिथवर गेली, वाकून त्याच्या डोळ्याला काठीचं टोक लावून पाहिलं, आणि चाकू आर्वोच्या हातात दिला. तो पोट फाडून काळीज वेगळं काढेपर्यंत ती बाजूला उभी राहून सांगत राहिली, इथे हळू, तिथे मूत्राशय फुटेल, नवशिक्यासारखा काय धरतोस. आर्वो हो हो करत होता.

बर्फाने हात पुसत तो उभा राहिला. "वहिनी," तो म्हणाला, आणि या वेळी आठवणीने मोठ्याने म्हणाला. "घरी तुम्हीच मारला म्हणून सांगतो. इथे कोण बघायला आलंय."

"मी आलेय."

"बंदूक तुमची, जागा तुमची. सगळं तुम्हीच केलंत की."

"घोडा कुणी ओढला?"

आर्वो चाकू बर्फात पुसायला लागला.

"तुझी उशी काढली तेव्हा मी रीत इकडची तिकडे केली नव्हती," सायमा म्हणाली. "आता माझ्यावर दया दाखवायला येऊ नकोस, मला सहन होत नाही. दोर लाव शिंगांना. आणि ओढताना कमरेतून वाकू नकोस, जागा मिळाल्याच्या पहिल्याच दिवशी अंथरूण धरशील."

दोघं घरी पोचली तेव्हा टेबल मांडलेलं होतं. रायलीने राईचा पाव कापला होता, बटाटे वाफाळत होते. डेल खिडकीतून गाडीच्या मागची शिंगं बघून आला आणि त्याने सासूबाईंना मिठी मारायला हात पसरले. चेहरा पडला होता बिचाऱ्याचा, पण पसरले.

"मला नको, त्याला मार," सायमा म्हणाली. "आर्वोने मारलाय. खिडकी पुढच्या वर्षापासून त्याची. तुझी मोजपट्टी ठेवून दे."

"काकांनी?" रायली म्हणाली. "आई, तू होतीस ना बंदुकीपाशी?"

"होते."

"मग?"

आर्वो बशीत बघत होता. त्याने बटाटा उचलला आणि तोंडात घातला, म्हणजे आता त्याच्याकडून काही निघणार नाही हे ठरलं. सायमाने बसायला खुर्ची ओढली. ती करकरली असावी, कारण डेलने तिकडे पाहिलं. तीन हंगाम तिने वाऱ्याला बोल लावला, बुटांना लावला, एका माणसाच्या नाकाला लावला. ही गोष्ट बटाट्याबरोबर गिळून टाकता आली असती. उद्यापासून सगळ्यांना वाटलं असतं, म्हातारीचे डोळे गेले, हात थरथरतात, आणि त्यात लाज काही नव्हती.

"हरणं मी पळवत होते," ती म्हणाली. "मी गुणगुणते. माझं मला ऐकू येत नाही."

तिने बटाटे वाढून घेतले, लोणी घेतलं, मीठ घेतलं. मग मान वर करून एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं.

"काय रे," ती म्हणाली, "सगळे गप्प बसलात, की बोलताय आणि मलाच ऐकू येत नाहीये?"